पेजमेकरच्या जुन्या फायली नव्या पीसीवर नेताना

फोंड्या-म्हापशाच्या छापखान्यांत जत्रेची पत्रिका दरवर्षी कोण नव्याने जुळवत बसतो? पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधली गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तिथी-वार बदलायचा, प्रूफ काढायचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पीसी बदलायची वेळ आली, की नेमकं हेच अडतं. एक जुनं काम नव्या पीसीवर प्रूफापर्यंत नीट निघाल्याशिवाय जुना पीसी फॉरमॅट करू नका.

पेजमेकर ७ ही शेवटची आवृत्ती, २००१ सालची. त्या फायली अडोबीच्या इनडिझाइन या त्याच कामाच्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ आवृत्तीपर्यंत उघडतात, पुढच्या सीसी आवृत्त्यांत नाही. म्हणून जुन्या पीसीवरच सीएस६ मध्ये फाइल उघडा आणि आयडीएमएल, म्हणजे वेगवेगळ्या इनडिझाइन आवृत्त्यांत उघडणाऱ्या फाइल प्रकारात, सेव्ह करून ठेवा. ती नव्या इनडिझाइनमध्ये उघडते. लिंक केलेल्या चित्रांचा फोल्डर सोबत न्या, नाहीतर देवाच्या फोटोच्या जागी धूसर चौकोन छापून येईल.

आता फॉन्ट. टीटीएफ म्हणजे ट्रूटाइप फॉन्ट असतील तर बहुधा चालतील. पीएफबी म्हणजे टाइप १ फॉन्ट असतील, तर अडोबीने त्यांचा सपोर्ट जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला आहे. दुसरी अडचण डोंगलची, म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालण्यासाठी पीसीला लावाव्या लागणाऱ्या किल्लीची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यावर ३२ बिटचा ड्रायव्हर चढत नाही. मग मॅटर दिसतं, पण त्यात एक काना टाइप करता येत नाही. ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का, हे पीसी घेण्याआधी विचारा.

नुसती पुन्हा छपाई असेल, तर फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ पुरते. मजकूर व्हॉट्सअॅपवर किंवा देवस्थानाच्या वेबसाइटवर जायचा असेल, तर मात्र युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाइल-पीसीवर तसाच दिसणारा मराठी मजकूर, हवाच. जुन्या फॉन्टात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे पीडीएफमधून कॉपी केलेलं मॅटर कचरा होऊन येतं. पेजमेकरमधून मॅटर आरटीएफमध्ये काढा, साध्या टेक्स्टमध्ये नको. आरटीएफमध्ये फॉन्टचं नाव टिकतं आणि जुन्या फॉन्टातलं मॅटर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरला मराठी कुठलं, इंग्रजी कुठलं ते कळतं. साध्या टेक्स्टमध्ये यजमानांच्या ईमेलचंही अगम्य मराठी होतं.

इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडा. तो नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात.

प्रूफ वाचताना रफार आणि ऱ्य वेगळे तपासा. कन्व्हर्टर इथे हमखास घसरतो: महाप्रसादाच्या आचाऱ्यांचे आभार आचार्यांना जातात, आणि स्पेलचेक काही बोलत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर. ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ ला आला. त्याआधीच्या फॉन्टात तो चौकोन दिसतो, तेव्हा फॉन्टच बदला.

सीडीवरच्या फायली आधी उतरवून घ्या. इथल्या पावसाळ्यात सीडीला बुरशी धरते. जुना पीसी ठेवणार असाल, तर विंडोजचा सपोर्ट संपल्यामुळे त्याची नेटची केबल काढून ठेवा.