कोकणात विजेची मोटार घेताना

विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठीची केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना खासगी मोटारींना अनुदान देत नाही, त्यामुळे हिशेब ५ टक्के जीएसटी गृहीत धरून मांडावा आणि राज्याची सवलत मोटार विक्रेत्याकडून लेखी घ्यावी. अनुदान असावे की नसावे हा वाद चालू राहील. कोकणातल्या घरमालकाने आधी अर्थिंग पाहावे, कारण जांभ्याच्या कातळात ते उन्हाळ्यात सहज दगा देते. महावितरणचा मंजूर भार तपासून १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी जाड तारेची स्वतंत्र लाइन ओढावी, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवावा आणि खाऱ्या वाऱ्यामुळे गंजणारी जोडणी दर पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावी. अशा सॉकेटवर तासाला साधारण ३ युनिट भरतात, म्हणजे ३० युनिटची बॅटरी भरायला रात्र लागते.

बॅटरी निकेलयुक्त असल्यास रोजचे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावे. एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटची, असल्यास कंपनीच्या सूचनेनुसार अधूनमधून ती पूर्ण भरावी. मात्र पावसाळ्यात वादळाचा इशारा असेल आणि वीज जाण्याची शक्यता असेल, तर ८० टक्क्यांचा हट्ट खुशाल सोडावा. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला येताना घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरू नये, कारण भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज परत साठत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो.