ऑफशोअर कंपनीशी करारावरून वाजलं, तर आधी काय बघायचं

करार हाती आला की मी शेवटची दोन पानं आधी वाचते. भांडण कशावरून झालं, ते नंतर. कायदा कुठला आणि निवाडा कोण करणार, कोर्ट की लवाद, ही दोन कलमं सहसा तिथेच असतात आणि दोघांचं गाव एकच असेल असं नाही. कंपनी ऑफशोअर, म्हणजे परदेशी बेटावर नोंदलेली, समजा कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सची, कायदा इंग्लंडचा, लवाद लंडनचा, असला त्रिकोण माझ्याकडच्या फायलींत नेहमीचाच.

मग दावा लावायची मुदत. इंग्लंडमध्ये साध्या कराराला करारभंगापासून ६ वर्षं, 'डीड' (ठरलेल्या औपचारिक पद्धतीने सही केलेला दस्त) असेल तर १२. म्हणून सह्यांचं पान नीट पाहायचं. डीडचा उल्लेख बहुतेकदा तिथेच सापडतो. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाचं गणित वेगळं. तिथला करारकायदा फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या जुन्या रूढींतून आलेला, मुदत १० वर्षं. 'सगळी बेटं सारखीच' म्हणणारा सल्लागार भेटला, तर त्याची फी ठरवायची घाई करू नका.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: "पण फोनवर ठरलं होतं ना!" करारात बदल लेखी आणि सहीनिशीच होईल, असं कलम आहे का ते शोधा. २०१८ साली ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने रॉक ॲडव्हर्टायझिंगच्या खटल्यात अशा कलमाला पूर्ण वजन दिलं. लंडनमधल्या ऑफिसच्या जागेचे १२,००० पौंडांहून जास्त थकले होते. हप्ते पुढे ढकलायचं फोनवर ठरलं, असं थकबाकीदाराचं म्हणणं. चाललं नाही. एस्टॉपेलचा (समोरचा आपल्या शब्दावर विसंबला, तर मग फिरता येत नाही, या तत्त्वाचा) आधार कोर्टाने मोकळा ठेवला, पण त्यासाठी नुसतं तोंडी आश्वासन पुरत नाही. लेखी नसलं तरी बदल पक्का आहे, असं समोरच्याच्या शब्दांतून किंवा वागण्यातून स्पष्ट दिसावं लागतं.

यासाठीच मी चार रकान्यांचा तक्ता करते: तारीख, कोण कोणाला बोललं, काय बोललं, कागद कुठे आहे. चौथा रकाना जिथे रिकामा, तिथेच उलटतपासणीत घाम फुटतो. वाद दिसू लागला की व्हॉट्सॲपचे आपोआप पुसले जाणारे मेसेजही लगेच थांबवायचे. नको असलेले मेसेजही ठेवायचे. ते समोरच्याला दाखवावे लागू शकतात.

तुमची कंपनी ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सची असेल आणि हातात 'स्टॅच्युटरी डिमांड' (थकलेलं कर्ज फेडा, अशी कायद्यातली औपचारिक मागणी) पडली, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. पैसे भरायला २१ दिवस दिसतात, म्हणून लोक निवांत राहतात. मागणी रद्द करून घ्यायचा अर्ज मात्र बजावणीपासून १४ दिवसांतच करावा लागतो. आणि 'करारात लवादाचं कलम आहे, कोर्ट हात लावणार नाही' या भरवशावर राहू नका. २०२४ मध्ये सियान विरुद्ध हॅलिमेडा या तिथल्याच प्रकरणात शेवटचं अपील ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की कर्जाबद्दल खरा आणि ठोस वाद असेल, तरच लिक्विडेशनचा (कंपनी गुंडाळून देणी भागवण्याचा) अर्ज रोखला जाईल. पैसे का देणं लागत नाही, हे आकड्यांसकट मांडायची तयारी ठेवा. 'आम्हाला मान्य नाही' एवढं लिहून भागत नाही.

उलट तुम्हीच येणेकरी असाल आणि समोरचा मालमत्ता हलवतोय अशी भीती असेल, तर 'फ्रीझिंग ऑर्डर' (मालमत्ता गोठवणारा कोर्टाचा हुकूम) मागता येते, तीही त्याला न कळवता. पण मग त्याच्या बाजूचे मुद्देही तुम्हीच न्यायाधीशापुढे ठेवायचे. एखादा लपवला, तर तेवढ्यावरून हुकूम उठू शकतो. शिवाय हुकूम चुकीचा ठरला तर त्याचं नुकसान भरून देईन, अशी हमी लिहून द्यावी लागते. तो आकडा केवढा होऊ शकतो, ते वकिलाकडून अर्जाआधीच काढून घ्या.