म्युनिकला निघालात? आधी पत्रपेटीवर नाव लावा

म्युनिकमध्ये नऊ वर्षं काढून आम्ही सोलापूरला परत आलो. तेव्हापासून जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी कुणी ना कुणी येतंच. मुलाला तिकडं नोकरी लागलीय, सुनेचा व्हिसा झालाय, बरोबर काय काय द्यायचं ते सांगा. सगळे आधी बॅगेचं विचारतात. मी आधी पत्रपेटीचं सांगते.

जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन इमारतीचा क्रमांक बघतो आणि मग पेटीवरचं आडनाव. नाव नसेल तर पत्र परत. आणि तिथं महत्त्वाचं सगळं पत्रानंच येतं: टॅक्सचा नंबर, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि पेटीवर ह्यांचं. पाच आठवडे माझी पत्रं परत जात राहिली आणि मी रोज संध्याकाळी रिकामी पेटी उघडून बघत राहिले. शेवटी तळमजल्यावरच्या आजी माझा हात धरून पेटीपाशी घेऊन गेल्या. माझ्या पासपोर्टवर बोट ठेवलं, मग पेटीवर ठेवलं, आणि मान हलवली. त्या रात्री मी पांढऱ्या पट्टीवर दोन्ही आडनावं ठळक लिहून चिकटवली. पुढच्याच आठवड्यात पहिलं पाकीट आलं. लग्नानंतर पासपोर्ट न बदललेल्या प्रत्येक मुलीला माझं हेच सांगणं आहे. पेटीवर आणि बेलवर, दोन्हीकडं दोन्ही आडनावं हवीत.

घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. बाकीची बहुतेक कामं तिच्यावर अडलेली असतात. घरमालकाच्या सहीचा, तुम्ही इथं राहायला आलात असं सांगणारा कागद लागतो. तो किल्ली घेतानाच मागून घ्या. भेटीची तारीख पटकन मिळत नाही, म्हणून घर ठरल्या दिवसापासून बघायला लागा.

भाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्ट’ म्हणजे नुसतं घराचं, ‘वार्म’ म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. विजेचं बिल बहुतेकदा त्याहून वेगळं येतं. अनामत काल्ट भाड्याच्या तीन महिन्यांहून जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. आणखी एक, पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणून नुसती खोली असते. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. जाहिरातीत ‘आइनबाउक्युखं’ हा शब्द असेल तरच ते सगळं बसवलेलं आहे असं समजा.

पत्त्याची नोंद झाली की काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला 18.36 युरो. फसवणूक समजून फाडू नका. घरात टीव्ही नसला तरी भरावीच लागते, फक्त ती घरटी एक असते, माणशी नाही.

तब्येत ठीक असतानाच जवळचा फॅमिली डॉक्टर शोधून ठेवा. दवाखाना बंद असताना दुखणं आलं तर 116117, जिवावरचं असेल तर 112.

आता स्वयंपाकघर. तूप, पेढे, खवा बॅगेत भरू नका. दूध आणि मांसापासून केलेलं काहीही प्रवाशाला भारतातून युरोपीय संघात नेता येत नाही. शेंगाचटणी न्या, कडक भाकरी न्या. भाकऱ्या स्टीलच्या डब्यात, मध्ये कागद घालून रचा, नाहीतर पोचेपर्यंत भुगा होतो. तवा मात्र आपला खोलगट नको. तिकडं काचेची सपाट शेगडी असते, तवा मधोमध टेकतो आणि भाकरी कडेनं कच्ची राहते. बुडाशी अगदी सपाट, जाड लोखंडी तवा घ्या. कुकरही इंडक्शनवर चालणारा बघा. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण ते जुनं असतं. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, थापताना भाकरी चिरते. मी उकळतं पाणी घालून पीठ दहा मिनिटं झाकून ठेवायचे, मग भरपूर मळायचे. मंगळवेढ्याच्या ज्वारीची चव येत नाही, पण भाकरी फुगते.

खिडक्यांचंही ऐका. आपण सोलापूरची माणसं उन्हाला दारं-खिडक्या लावून घेतो. तिथं कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची. नाहीतर भातडाळीची वाफ आणि वाळत घातलेल्या कपड्यांची ओल भिंतीवर बुरशी होऊन बसते, आणि ती अनामतीतून वजा होऊ शकते. उन्हाळ्यात घरात एसी नसतो, छताला पंखाही नसतो. तेव्हा रजई बाजूला टाकून आपली चादर अंगावर घेतली की बरं वाटतं. एक न्याच.

रविवारी दुकानं बंद, एरवीही रात्री आठला बंद. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी भरून ठेवा. रात्री दहानंतर मिक्सर नको. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाकायच्या, रविवारी मुळीच नाही, कारण फुटण्याचा आवाज होतो.

भाषेची भीती मनातून काढा. घराबाहेर पडलं की मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, दखनी कानावर पडते, अशा गावात आपण वाढलो. अंकांपासून सुरुवात करा. जर्मनमध्ये एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात, आपल्यासारखाच एकं आधी. इंग्रजीतून शिकणारे तिथंच अडखळतात, आपण नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या बाहेर बसलेल्या सगळ्यांना ‘ग्र्यूस गॉट’, म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणा. त्या तळमजल्यावरच्या आजींशी माझी ओळख या एका शब्दावरच झाली होती.

घरच्यांच्या फोनची वेळ पहिल्याच आठवड्यात ठरवा. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढं, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत आई मिरवणुकीतले नंदीध्वज दिसतील अशा जागी फोन धरून उभी राहायची. इथली दुपार, तिथली सकाळ. बाहेर बर्फ, आणि फोनमधून ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’. त्या दिवशी मी ऑफिसला दोन तास उशिरा येण्याची परवानगी महिनाभर आधीच काढून ठेवायचे. तुम्हीही मागा, बहुतेक ठिकाणी देतात.