छज्जा किती बाहेर काढायचा: खिडकीवरचं ऊन मोजून अडवण्याची रीत

"सगळ्या खिडक्यांना दीड-दीड फुटाचा छज्जा टाकून द्या." बांधकामाच्या जागेवर हे वाक्य इतक्या सहज फेकलं जातं की कुणी उलट विचारतही नाही. दक्षिणेला दीड फूट, पश्चिमेलाही दीड फूट, उत्तरेलाही तेवढाच. पाऊस अडला म्हणजे छज्जाचं काम झालं, अशी समजूत त्यामागे असते. ऊन मात्र प्रत्येक दिशेला वेगळ्या कोनातून येतं. काचेतून आत शिरलेलं ऊन बाहेर घालवायला पंखे आणि एसी लागतात, बाहेरच्या बाहेर अडवलेल्या उन्हाला काहीच लागत नाही. म्हणून हे माप अंदाजाने नव्हे, मोजूनच काढायला हवं.

नकाशा तयार आहे आणि खिडक्यांची मापं ठरली आहेत, असं धरून पुढे जाऊ. उदाहरणासाठी 20 अंश उत्तर अक्षांश आणि 1.2 मीटर उंचीची काच घेतली आहे. तुमचा अक्षांश फोनवरच्या नकाशात मिळेल, आकडे त्याप्रमाणे बदला. दक्षिण गोलार्धात असाल तर उत्तर-दक्षिण उलट वाचा आणि तारखा सहा महिन्यांनी सरकवा.

1. खरी उत्तर शोधा

फोनच्या होकायंत्रावर भरवसा ठेवू नका. जवळ सळया असतील तर ते हमखास भरकटतं, आणि नसल्या तरी ते चुंबकीय उत्तर दाखवतं. शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची, जुनी रीत याहून चोख आहे. सपाट जमिनीवर ओळंब्यात काठी रोवा आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खूण करा, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. या दोन खुणांना जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात काढलेली उत्तर-दक्षिण.

2. कधीचं ऊन नको ते तारखेनं ठरवा

"उन्हाळ्यातलं ऊन नको" एवढ्यावर गणित होत नाही. तारीख आणि वेळ लागते. माध्यान्हीची सूर्याची उंची, म्हणजे क्षितिजापासूनचा त्याचा कोन, काढायला सोपं सूत्र आहे: 90 वजा अक्षांश अधिक सूर्याची क्रांती (तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते; दक्षिणेला असेल तर उणे). क्रांती 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास शून्य असते, 21 जूनला अधिक 23.4 अंश आणि 22 डिसेंबरला उणे 23.4. म्हणजे 20 अंशांवर डिसेंबरातला माध्यान्हीचा सूर्य 46.6 अंशांवर असतो, मार्चमध्ये 70 वर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत तो भर दुपारी उत्तरेकडे असतो.

हे गणित सौर वेळेचं आहे: सूर्य दिवसातला सर्वात उंच असतो तेव्हा बारा, तीच माध्यान्ह. घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे. आणि सूर्याची वाट हवामान पाहून ठरत नाही. 27 फेब्रुवारी आणि 15 ऑक्टोबर या दोन तारखांना तो जवळजवळ एकाच वाटेने जातो, तुम्हाला त्यातली एक गार वाटो की दोन्ही गरम. पक्का छज्जा या दोघींत फरक करू शकत नाही. उदाहरणात आपण हीच मर्यादा धरू: फेब्रुवारीअखेर ते ऑक्टोबरचा मध्य या काळात दक्षिणेच्या काचेवर भर दुपारचं ऊन नको, त्यानंतर आलं तर चालेल.

3. सावलीचा कोन: इथेच माप बिघडतं

हा टप्पा मला बराच काळ अवघड गेला, कारण तो नीट समजावून सांगणारं कुणी भेटलं नाही. बहुतेक ठिकाणी सांगतात: ॲपमधून सूर्याची उंची घ्या आणि काचेच्या उंचीला त्या कोनाच्या टॅनने भागा. भागाकार बरोबर आहे, कोन चुकीचा आहे. सूर्य खिडकीच्या अगदी समोर असेल तेव्हाच त्याची उंची या सूत्रात चालते. तो जरा बाजूला सरकला की वेगळा कोन लागतो. त्याला मी सावलीचा कोन म्हणते.

तो डोळ्यांसमोर आणायचा तर खिडकीच्या कडेला, भिंतीला खांदा लावून उभे राहा. आता भिंत एका उभ्या रेघेसारखी दिसते आणि छज्जा तिच्यातून आडवा बाहेर आलेला. सूर्य तुमच्या पुढे किंवा मागे कुठेतरी दूर असेल. या बाजूच्या दृश्यात त्याचे किरण ज्या उताराने छज्जाच्या कडेवरून काचेवर उतरताना दिसतात, तो उतार म्हणजे सावलीचा कोन. सूर्य बाजूला सरकतो तेव्हा भिंतीसमोरचं त्याचं अंतर आक्रसतं, पण उंचीचा भाग तसाच राहतो. म्हणून हा कोन नेहमी सूर्याच्या उंचीइतका किंवा त्याहून मोठा असतो. काढायची रीत अशी: सूर्याच्या उंचीचा टॅन घ्या आणि सूर्याची दिशा व खिडकीची दिशा यांतल्या फरकाच्या कोसाइनने त्याला भागा. उत्तर येईल तो सावलीच्या कोनाचा टॅन.

आकड्यांत बघा. 15 ऑक्टोबर, सौर वेळ दुपारी दोन, दक्षिणेची खिडकी. सूर्याची उंची 49 अंश, आणि तो दक्षिणेपासून 49 अंश पश्चिमेकडे कललेला. नुसती उंची धरली तर 1.2 भागिले 1.15, म्हणजे 1.04 मीटरचा छज्जा. सावलीचा कोन काढला तर तो 60 अंश येतो आणि छज्जा 69 सेंटीमीटर. तब्बल 35 सेंटीमीटर काँक्रीट आणि सळई फुकट, शिवाय खोली वर्षभर गरजेपेक्षा अंधारी. असे भलेमोठे छज्जे पाहिले की मला चीड येते, कारण त्यामागे बहुधा कष्ट कमी पडलेले नसतात, फक्त कोन चुकलेला असतो.

खात्री करून घ्यायची असेल तर 21 मार्चच्या आसपास दक्षिणेच्या भिंतीवर छज्जाच्या सावलीची खालची कड पेन्सिलीने सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आखा. सूर्य दिवसभर वर-खाली होतो, तरी ती कड त्याच पातळीवर राहते, कारण त्या दिवशी दक्षिणेसाठी सावलीचा कोन सकाळपासून संध्याकाळपर्यंत 70 अंशच असतो. त्यानंतर उन्हाळ्याकडे जाताना सकाळ-संध्याकाळी हा कोन माध्यान्हीपेक्षा मोठा होतो, हिवाळ्यात लहान. म्हणूनच दक्षिणेचा छज्जा इतका भरवशाचा असतो: 70 सेंटीमीटर काढला की मार्च ते सप्टेंबर काच पूर्ण सावलीत राहते, आणि 22 डिसेंबरच्या माध्यान्ही काचेच्या खालच्या 46 सेंटीमीटरवर ऊन पडतं.

यात दोन गोष्टी लोक विसरतात. उंची मोजायची ती छज्जाच्या खालच्या पृष्ठभागापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत. छज्जा काचेच्या 20 सेंटीमीटर वर असेल तर उंची 1.4 मीटर धरा. आणि छज्जा काचेइतकाच रुंद ठेवला तर दुपारनंतर ऊन बाजूने शिरतं. जितका बाहेर काढाल, निदान तितकाच डाव्या-उजव्या बाजूला वाढवा. खिडकीच्या कडेशी कापलेला छज्जा दिवसातले मोजकेच तास उपयोगी पडतो.

4. पश्चिमेला छज्जाचा हट्ट सोडा

मार्चमध्ये दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीसाठी सावलीचा कोन 28.5 अंश असतो. त्याच 1.2 मीटरच्या काचेला 2.2 मीटरचा छज्जा लागेल. पाचला कोन 14 अंशांवर येतो आणि छज्जा पावणेपाच मीटरवर जातो. तेव्हा कुणी पश्चिमेला दीड फुटाऐवजी अडीच फूट काढायला सांगत असेल तर ऐकू नका. भिंतीला काटकोनात उभ्या पडद्या (भिंतीतून बाहेर काढलेल्या पातळ उभ्या भिंती) घालूनही भागत नाही, कारण चारचा सूर्य जवळपास नाकासमोर, जेमतेम 11 अंश बाजूला असतो. पडद्यांतल्या अंतराच्या पाचपट खोल पडदी लागेल. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत (1954) वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी पश्चिमेकडच्या उभ्या पडद्या तिरक्या वळवल्या आणि पूर्वेकडच्या काटकोनात ठेवल्या, ते उगाच नव्हे.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पश्चिमेला मोठी काच ठेवूच नये. जिना, न्हाणीघर, कोठी तिकडे ढकला. खिडकी हवीच असेल तर काचेबाहेर आडव्या पट्ट्यांची चौकट बसवा. 10 सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या, बाहेरची कड खाली अशा 45 अंशांत तिरप्या, एकमेकींपासून 7 सेंटीमीटरवर. एवढ्याने सूर्य क्षितिजाला टेकेपर्यंत थेट ऊन आत येत नाही, वारा मात्र येतो. समोरचा देखावा जातो, हे खरं. तो हवा असेल तर बाहेरून सोडायचा बांबूचा पडदा लावा. आतला पडदा मुळीच नको: ऊन तोवर काच ओलांडून आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता काचेआडच अडकते. गडद काचेचंही कौतुक नको. ती स्वतः तापते, शिवाय दिवसभराचा उजेड खाते.

पट्ट्या लावायच्या तर खिडकीची झडप बाहेर उघडणारी ठेवू नका. चौकट ऑर्डर करण्यापूर्वी हे ठरवा, नंतर इलाज नाही. काच आणि पट्ट्या यांत 10 ते 15 सेंटीमीटर मोकळे सोडा, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल आणि काच पुसताही येईल.

5. पूर्व आणि उत्तर

पूर्वेचं गणित पश्चिमेचंच, फक्त सकाळची हवा गार असते म्हणून खर्च आधी पश्चिमेवर करा. उत्तरेला उन्हापुरता छज्जा नावाला पुरतो. जूनमधला उशिराचा सूर्य मात्र बाजूने येतो. 90 सेंटीमीटर रुंद खिडकीला पश्चिम कडेला 30 सेंटीमीटरची उभी पडदी दिली की पाचपर्यंतचं ऊन अडतं, सहापर्यंत अडवायचं तर 37.

6. ओतण्याआधी प्लाय लावून बघा

ठरलेल्या मापाची प्लायची फळी छज्जाच्या जागी टेकू देऊन बसवा आणि दिवसभर सावली बघा. हवी ती तारीख उलटून गेली असेल तर तिची जोडीदार तारीख धरा: 21 एप्रिलचं ऊन 22 ऑगस्टला जवळपास तसंच मिळतं, आकाश मोकळं असलं तर.

7. ओतताना

वरच्या बाजूला बाहेरच्या दिशेने उतार ठेवा, खालच्या कडेजवळ पाणी तुटण्यासाठी खाच काढा आणि खालची बाजू पांढरी रंगवा, तिच्यावरून उजेड आत परततो. भर उन्हात तापलेला काँक्रीटचा छज्जा भिंतीला आणि खोलीला उष्णता देत राहतो. म्हणून छज्जा हलका, पत्र्याचा किंवा लाकडाचा करता आला आणि ब्रॅकेटवर, भिंतीपासून दोन-तीन सेंटीमीटर सुटा बसवता आला, तर मी काँक्रीटपेक्षा तोच निवडते. त्या फटीतून भिंतीलगतची गरम हवा वर जाते. पावसाचा मारा असलेल्या बाजूला फटीवर पत्र्याची पट्टी वाकवून, दोन बोटं वर उचललेली ठेवा.