सातबारा पाहिलात, पण झोन पाहिलात का?

गावाकडे जमीन बघायला गेलं की एजंट सगळ्यात आधी सातबारा पुढे करतो. 'टायटल क्लिअर आहे साहेब, डोळे झाकून घ्या.' सातबारा खोटा नसतोही. पण जमीन कुणाची, किती आणि तिच्यावर बोजा काय, एवढंच तो सांगतो. तिथे घर बांधता येईल का, गोडाऊन टाकता येईल का, खडी क्रशर चालेल का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ते दुसऱ्या खात्याच्या नकाशावर लिहिलेलं असतं, आणि तो नकाशा आपण होऊन कुणी दाखवत नाही.

महाराष्ट्रात हा नकाशा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली तयार होतो. शहराभोवती विकास योजना असते आणि ज्या भागासाठी प्रादेशिक योजना मंजूर आहे तिथल्या गावांना ती लागू होते. त्यात प्रत्येक गटाला कुठला तरी विभाग दिलेला असतो: रहिवास, औद्योगिक, शेती, वनीकरण वगैरे. या विभागालाच झोन म्हणतात; बाजारात रहिवासाला 'येलो झोन' आणि शेतीला 'ग्रीन झोन' म्हणतात. 'येलो' हा शब्द उच्चारला की गुंठ्याचा भाव चढतो, म्हणून तो जरा सैल हातानेच वापरला जातो.

आधी नंबर बरोबर आहे का बघा

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून ताजा सातबारा काढा आणि 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचा. जमीन भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली, असेल तर झोन कितीही चांगला असो, सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही.

इथे एक खाच आहे. अनेक गावांत जमिनीचे तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेनंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुमच्या गावाचा नियोजनाचा नकाशा जुन्या सर्व्हे नंबरांवर काढलेला असेल, तर गट १४२ शोधताना तुम्ही भलत्याच सर्व्हे १४२ वर बोट ठेवाल आणि खूश होऊन घरी याल. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या, म्हणजे जुन्या-नव्या नंबरांचा मेळ लागतो.

झोन दाखला आणि भाग नकाशा, दोन्ही मागा

जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात, किंवा गाव एखाद्या विकास प्राधिकरणात येत असेल तर त्यांच्याकडे, अर्ज करायचा. सोबत सातबारा आणि गटाचा नकाशा. बहुतेक लोक नुसता दाखला घेऊन परततात. तसं करू नका. दाखल्यावर 'गट क्रमांक अंशतः रहिवास, अंशतः शेती विभागात' असं एक वाक्य असतं. त्यातला कोणता अंश तुम्हाला विकला जातोय, हे भाग नकाशाच सांगतो. गटाच्या मधून जाणारी रेषा, प्रस्तावित रस्ता, शाळा किंवा दवाखान्यासाठीचं आरक्षण, सगळं त्यावर दिसतं. विक्रेत्याने दिलेली रंगीत झेरॉक्स म्हणजे भाग नकाशा नव्हे.

आता तुमचा वापर कुठे बसतो ते पाहा

डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सगळे तिला 'युडीसीपीआर' म्हणतात. मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं तिच्यातून वगळली आहेत. या नियमावलीत विभागवार वापर दिले आहेत. वाचताना मनात तीन ढीग करायचे: सरळ चालतं, अटींवर चालतं, चालतच नाही.

गोंधळ मधल्या ढिगात होतो. शेती विभाग म्हणजे बांधकामबंदी, हा समज चुकीचा आहे. गोठा, रोपवाटिका, कुक्कुटपालन, शेतघर हे तिथे चालतं, पण रस्त्याची रुंदी, जमिनीचं किमान क्षेत्र, वस्तीपासूनचं अंतर अशा अटी असतात. शेतघराला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर जमीन हवी आणि तिच्यावर खरोखर शेती असायला हवी. मग पाच-पाच गुंठ्यांचे 'फार्महाऊस प्लॉट' विकणाऱ्याला विचारा, की बाबा रे, हे या अटीत कसं बसतं? उत्तर देताना तो कुठे बघतो, तेही बघा.

झोनच्या वरून जाणाऱ्या रेषा

खरा घोटाळा इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या नात्यातल्या एकाने नदीकाठी अकरा गुंठे घेतले. चुन्याने आखलेले प्लॉट, फाटकाला कमान, कडेने नारळाची रोपं. झोन दाखला रहिवासाचा होता, अगदी अस्सल. बांधकामाचा अर्ज केला तेव्हा पूररेषेचा नकाशा समोर आला. निळी रेषा प्लॉटच्या वरच्या कोपऱ्याला जेमतेम शिवून गेली होती. बाकी सगळा प्लॉट रेषेच्या नदीकडच्या बाजूला. आता तिथे तो उन्हाळी काकड्या लावतो.

जलसंपदा विभाग नदीसाठी दोन रेषा आखतो. निळी साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. निळी आणि लाल यांच्यामधला पट्टा नियंत्रित. तिथे जोत्याच्या उंचीसारख्या अटी घालून परवानगी मिळू शकते. निषिद्ध आणि नियंत्रित या दोन शब्दांतला फरक एवढ्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. नदी किंवा मोठा ओढा जवळ असेल तर पाटबंधारे कार्यालयातून तुमच्या गटाची स्थिती लेखी घ्या.

किल्ला, लेणी किंवा जुनं मंदिर जवळ असेल आणि ते केंद्र संरक्षित स्मारक असेल, तर १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती आडवी येते. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित, म्हणजे तिथे नवं बांधकाम नाही. त्यापुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच. मोजायचं ते स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून, कळसापासून किंवा बुरुजापासून नाही.

कोकणात किनाऱ्यालगत सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरती रेषेपासून २०० मीटर ना-विकास पट्टा असतो. दाट वस्तीच्या गावांसाठी तो ५० मीटर आहे. गाव यातल्या कोणत्या प्रकारात येतं, हे किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर बघायचं. समुद्र किती लांब दिसतो, यावरून अंदाज बांधू नका.

डोंगराळ भागात उतार मोजा. १:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच फूट आडवं गेल्यावर एका फुटाहून जास्त चढ असेल तर, विकासाला मनाई आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे. तिथल्या गावांचे नियम वेगळे आणि कडक.

गावठाणाचे २०० मीटर

'गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत आहे, एनए लागत नाही' हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं. एनए म्हणजे शेतजमीन अकृषिक (बिगरशेती) वापरायची परवानगी. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, बाकीच्या अटी सांभाळून, निवासी वापरासाठी अकृषिक मानायची तरतूद जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड ने आली, हे खरं. पण ते अंतर भूमी अभिलेखाच्या नकाशावरल्या गावठाण हद्दीपासून मोजतात. ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून नाही, आणि रानातल्या वाडीपासून तर नाहीच. शिवाय एनएचा प्रश्न सुटला म्हणजे बांधकाम परवानगीही मिळाली असं होत नाही, आणि पूररेषा पुसली जात नाही. अकृषिक परवान्याचे नियम अलीकडे बरेच बदललेत, तेव्हा सध्याची पद्धत तहसीलमध्येच विचारा. दोन वर्षांपूर्वीच्या यूट्यूब व्हिडिओवर जाऊ नका.

घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे

'सरपंचांचं ना हरकत आहे, नमुना आठला नोंद आहे, घरपट्टी भरतोय, आता काय राहिलं?' बरंच राहिलं. नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे. अनधिकृत घरालाही घरपट्टी लागते. गावठाणाच्या आत ग्रामपंचायतीचा अधिकार चालतो; बाहेर सहसा नगररचनेच्या शिफारशीने जिल्हाधिकारी किंवा विकास प्राधिकरण परवानगी देतं. विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली येते, तीही घराच्या मालकाला. एजंटला नाही.

झोन मनासारखा नसेल तर

झोन बदलता येतो. प्रादेशिक योजनेत कलम २० आणि विकास योजनेत कलम ३७ खाली फेरबदल होतात. पण हरकती-सूचना, सुनावणी, मंत्रालय असा तो लांबचा रस्ता आहे. 'झोन चेंजची फाईल वरती गेलीय' या भरवशावर पिवळ्या भावाने हिरवी जमीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

संधी येते ती नवा मसुदा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा. हरकतींची मुदत जाहिरातीत दिलेली असते आणि ती भुर्रकन संपते. त्या दिवसांत कार्यालयात जाऊन भिंतीवरच्या नकाशात आपला गट शोधा. हरकत गट नंबर घालून, कागद जोडून लिहा. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढ्याने भागत नाही. रस्त्याची रेषा घरातून जाते, शेजारचा गट क्रमांक अमुक मोकळा आहे, असं नेमकं मांडा. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.