देवाला विचारायचं, तर ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवून

ते पत्र आलं त्या सकाळी मी रात्रपाळी संपवून घरी पोचले होते. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिकेची जागा. उत्तर द्यायला २१ दिवस. १४ वर्षं वॉर्डात काढल्यावर अशी संधी येते तेव्हा पाय जमिनीवर राहत नाहीत. पण आतल्या खोलीत बाबा होते. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. दादा-वहिनी घरात होते, तरी औषधं, व्यायाम आणि रात्रीचं उठणं माझ्याकडे असायचं.

मी लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेली. मोठा निर्णय प्रार्थना करून घ्यायचा हे माहीत होतं. प्रार्थना करून म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र त्या २१ दिवसांत शिकले. तेच इथे लिहिते. कुणी आत्ता अशाच वळणावर उभं असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्या आठवड्यात मी रोज पहाटे गुडघे टेकले आणि रोज एकच म्हटलं, ‘प्रभू, तुझी इच्छा दाखव.’ त्याच आठवड्यात नव्या शहरात भाड्याच्या खोल्या बघायलाही सुरुवात केली होती. यातली विसंगती माझ्या लक्षात आली नाही. ती आली मंडळीतल्या एका मावशींच्या. उपासना संपल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “अगं, देव नाही म्हणाला तर चालेल का तुला?”

मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४२वा अध्याय वाचला, कारण मावशींनी तो वाच म्हटलं होतं. यरुशलेम पडलं आहे, उरलेले लोक ते पाडणाऱ्या बाबेलच्या (बॅबिलोनच्या) भीतीने मिसरात, म्हणजे इजिप्तला, पळायच्या बेतात आहेत. ते यिर्मयाकडे येतात आणि म्हणतात, आमच्यासाठी देवाला विचार. उत्तर बरं असो की वाईट, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर येतं: इथेच राहा. ते यिर्मयाला खोटं ठरवतात आणि मिसरात जातातच. आधीच्या अध्यायात एक बारकी गोष्ट आहे. देवाला विचारायच्या आधीच ते मिसरच्या वाटेवर, बेथलेहेमाजवळ मुक्कामाला येऊन थांबले होते. सामान बांधून झालं होतं आणि मग प्रार्थनेची विनंती केली होती. माझ्या भाड्याच्या खोल्या मला त्या मुक्कामात दिसल्या.

म्हणून सुरुवात इथून करा. एका कागदावर लिहा: ‘देव नाही म्हणाला तर...’ आणि वाक्य खरेपणाने पूर्ण करा. राग येईल, लाज वाटेल, लोक काय म्हणतील, जे असेल ते लिहा. मग तो कागद समोर ठेवून प्रार्थना करा. ‘मार्ग दाखव’ ही विनंती नंतरची. आधी ‘माझं मन दोन्हीकडे वळेल असं कर’ ही. माझं मन वळायला आठ दिवस लागले. एखाद्याला महिना लागेल. उपासाने मला मदत झाली, पण तो माझ्यासाठी. उपास केल्यामुळे देवावर काही बंधन येत नाही.

यापुढचं थोडक्यात. पवित्र शास्त्राने जे आधीच स्पष्ट सांगितलं आहे, ते पुन्हा विचारण्यात दिवस घालवू नका. खोटा दाखला जोडू का, भागीदाराला अंधारात ठेवू का, लग्नाच्या जोडीदाराशी दगा करू का, या प्रश्नांना खास प्रकाशाची गरज नाही. उलट बऱ्याच ठिकाणी शास्त्र मोकळीक देतं. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की विधवेला हवं त्याच्याशी लग्न करता येईल, फक्त ते प्रभूमध्ये, म्हणजे विश्वासणाऱ्याशी, असावं. कुंपण कुठे आहे ते दाखवलं, आतली निवड तिच्यावर सोडली. आणि परिचारिका म्हणून एक सांगते: डॉक्टरांनी तातडीची शस्त्रक्रिया सांगितली असेल तर खुणेची वाट बघत तारीख पुढे ढकलू नका. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

आता बायबल कसं वाचायचं, इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. मी डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट ठेवायचे. तिसऱ्या दिवशी बोट उत्पत्तीच्या १२व्या अध्यायावर पडलं: आपला देश, आपले नातेवाईक आणि बापाचं घर सोडून जा. मी आनंदाने रडले. दोन दिवसांनी पुन्हा उघडलं, तर तीमथ्याचं पहिलं पत्र, ५वा अध्याय: जो आपल्या घरच्यांची काळजी घेत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. मी पुन्हा रडले, पण वेगळ्या कारणाने. दोन्ही वचनं खरी. पण पहिलं अब्राहामाला एका विशिष्ट वेळी झालेलं बोलावणं होतं, आणि दुसरं मंडळीतल्या विधवांना कुणी सांभाळायचं याबद्दल होतं. माझ्या पत्राचं उत्तर त्यातलं एकही नव्हतं. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ‘हिताचे संकल्प’ हे वचन आपण भिंतीवर लावतो, तेही बंदिवासात गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात ७० वर्षांचा हिशोब आहे. ते वचन आपलं नाही असं मी म्हणत नाही. ते घाईचं नाही, एवढंच.

मग मी नहेम्याचं पुस्तक सलग वाचायला घेतलं. नहेम्या म्हणजे पारसाच्या (इराणच्या) राजाच्या चाकरीतला एक यहुदी. १३ अध्याय आहेत, दोन-तीन दिवसांत होतात. किसलेव महिन्यात त्याला यरुशलेमच्या पडक्या भिंतींची बातमी कळते, तो रडतो, उपास करतो. राजासमोर तो बोलतो नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. त्या काळात त्याने प्रार्थनेबरोबर हिशोबही केला असणार, कारण राजाने विचारताच तो किती दिवस लागतील ते सांगतो, अधिकाऱ्यांसाठी पत्रं मागतो, लाकूड मागतो. यरुशलेमात पोचल्यावर तीन दिवसांनी रात्री उठून, कुणाला न सांगता, भिंत फिरून बघतो. मगच लोकांना गोळा करतो. ५२ दिवसांत भिंत उभी राहते. प्रार्थना आणि पाहणी या दोन वेगळ्या वाटा आहेत असं मला वाटायचं. त्याच्याकडे त्या एकच होत्या.

तेव्हा तुमची भिंत फिरून बघा. मी वही काढून पगार, रजा, प्रवासाचे तास, बाबांच्या औषधांच्या वेळा आणि रात्री कोण उठणार, हे सगळं मांडलं. ते लिहिताना देवापासून दूर गेल्यासारखं वाटलं नाही.

खुणा आणि उघडी दारं यांबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं. गिदोनाने खळ्यात लोकर ठेवून दवाची खूण मागितली, हे खरं. पण त्याआधी देवाने त्याला काय करायचं (शत्रूपासून आपल्या लोकांना सोडवायचं) ते सांगून झालं होतं. लोकर त्याच्या भित्र्या मनासाठी होती, आणि देवाने ते मन सांभाळून घेतलं. उघड्या दाराचं म्हणाल, तर योना संदेष्टा देवापासून पळत याफो बंदराला गेला तेव्हा तार्शीशला जाणारं जहाज त्याला अगदी तयार मिळालं. दावीदाच्या जिवावर उठलेला शौल राजा एन-गेदीच्या गुहेत नेमका त्याच्यासमोर आला. दावीदाची माणसं म्हणाली, हाच तो दिवस. दावीदाने हात उचलला नाही. उलट त्रोवस शहरात पौलासाठी प्रभूने दार उघडलं होतं, तरी त्याचा सोबती तीत भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना, आणि तो निरोप घेऊन मासेदोनियाला निघून गेला. दार उघडं आहे म्हणजे फक्त आत जाता येतं. जायचं का, हा प्रश्न उरतोच.

माझं दारही उघडं होतं. दुसऱ्या आठवड्यात मी एकदम उलटं टोक गाठलं. इतकं जावंसं वाटतंय, त्या अर्थी ते चुकीचं असणार. देवाची इच्छा म्हणजे जे जड जाईल ते. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, “त्यागसुद्धा आपल्याच मनाचा असू शकतो, बाळा.”

मग माणसांकडे जा. माझ्या अनुभवाने तीन प्रकारची माणसं लागतात: शास्त्र जाणणारं, तुमचा विषय जाणणारं, आणि तुमच्या निर्णयाचा भार ज्याच्यावर पडणार ते. त्यांना ‘मी काय करू?’ असं विचारण्यापेक्षा ‘मला प्रश्न विचारा’ म्हणा. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत अशी रीतच आहे. निर्णय घेणाऱ्याभोवती काही जण बसतात, सल्ला देत नाहीत, फक्त प्रामाणिक प्रश्न विचारतात, आणि मध्ये शांतता ठेवतात. आमच्या पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) आणि माझ्या एका जुन्या वरिष्ठ सहकारी बाईंनी तेच केलं. त्या बाईंचा प्रश्न होता, “रुजू होण्याची तारीख बदलून मिळते का, हे विचारलंस?” पाळकसाहेबांचा होता, “बाबा काय म्हणतात?”

१४ दिवस झाले होते आणि मी बाबांना विचारलंच नव्हतं. त्यांच्यासाठी प्रार्थना करत होते, त्यांच्याबद्दल रडत होते, त्यांच्याशी बोलले नव्हते.

कुणी ‘देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय’ म्हणत आलं, तर ते तुच्छ मानू नका, पण पारखून घ्या. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पौलाने तेच लिहिलं आहे. आणि त्या निरोपाबरोबर घाई, भीती किंवा पैशाची मागणी आली, तर मागे व्हा.

मनातल्या शांतीबद्दल जपून लिहिते. ‘मला शांती वाटली’ हे आपलं नेहमीचं वाक्य. पण वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता, आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. पोटात गोळा आला म्हणजे मार्ग चुकला, असं नाही. तर एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोप दिली, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं. होरेब डोंगरावरचा देवाचा मंद, हळू आवाज त्यानंतर आला. रात्रपाळीनंतरच्या सकाळी निर्णय घ्यायचा नाही, हा नियम मी तिथून उचलला.

लोयोलाचा इग्नेशियस, पुढे संत झालेला स्पेनमधला एक सैनिक, १५२१ मध्ये पँप्लोनाच्या लढाईत पायाला तोफगोळा लागून अंथरुणाला खिळला होता. त्याच्या लक्षात आलं की पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याचे विचार मात्र संपल्यावरही आनंद मागे ठेवतात. मनाच्या त्या मागे उरणाऱ्या चवीकडे बघायला त्याने पुढे अनेकांना शिकवलं. मन काळोखात असताना आधी केलेला निश्चय बदलू नका, हेही त्याचंच. मी हे असं केलं: तीन दिवस ‘जायचं ठरलं’ असं धरून जगले, तीन दिवस ‘राहायचं ठरलं’ असं. रोज संध्याकाळी चार ओळी लिहिल्या. जाण्याच्या दिवसांत भीती होती, पण प्रार्थना मोकळी होत होती. राहण्याच्या दिवसांत मी घरच्यांवर उपकार केल्यासारखी वागत होते. वहिनीशी दोनदा तुटक बोलले, तेही वहीत आहे.

१८व्या दिवशी बाबांपाशी बसले. ते हळू बोलायचे, शब्द अडायचे. म्हणाले, मला या घरातून हलवू नका. बाकी तू जा. रात्रीसाठी माणूस ठेवा, दादा जेवढं करतो तेवढं पुरे आहे, त्यालाही करू दे. दादा दारात उभा राहून ऐकत होता. मला वाटत होतं फक्त दोनच वाटा आहेत. बायबलमधल्या दानिएलाने राजाचं अन्न नाकारताना, दहा दिवस फक्त भाजी-पाणी देऊन बघा, अशी परीक्षा सुचवली होती. तशी तिसरी वाट शोधायचं मला सुचलंच नव्हतं. २०व्या दिवशी मी रुग्णालयाला कळवलं की येईन, पण तीन महिन्यांनी. ते हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर मी राहणार होते, आणि तेव्हा ते मला खरंच चालणार होतं.

शेवटी निर्णय लिहून काढा: तारीख, कारणं, कुणाशी बोललात, काय माहीत नव्हतं. पुढे शंका येणार, तेव्हा हा कागद लागतो. पौलाला मासेदोनियाचा मनुष्य दृष्टान्तात दिसला, सोबत्यांनी मिळून त्याचा अर्थ लावला, ते निघाले, आणि तिथल्या फिलिप्पै शहरात त्याला व त्याचा सोबती सीला याला फटके मारून तुरुंगात टाकलं. त्याआधी नदीकाठी लुदिया नावाच्या बाईचं अंतःकरण प्रभूने उघडलं होतं. दोन्ही त्याच एका निर्णयातून आलं. तुरुंगात बसून, आपण वाट चुकलो असं ते म्हणाले नाहीत. मध्यरात्री प्रार्थना करत होते, गीतं गात होते.

मी गेल्यावर ११ महिन्यांनी बाबा गेले. रात्री, झोपेत. मी कामावर होते. कित्येक आठवडे ती वही उघडायचं धाडस झालं नाही. उघडली तेव्हा माझ्या चार कारणांखाली, डाव्या हाताने लिहिलेल्या त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ होती. मीच त्यांना तिथे काहीतरी लिहा म्हटलं होतं आणि नंतर विसरून गेले होते: ‘मला विचारलं आहे. मी हो म्हटलं आहे.’