जिल्हा परिषदेच्या दोन शाळांची तुलना कशी करावी?

एकाच केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एकाच गटातल्या, दोन शाळा. एकीच्या भिंतींवर बाराखडी रंगवलेली, दुसरीचे पत्रे गळके. बहुतेक पालक इथेच निकाल देऊन मोकळे होतात. रंग नंतर बघा, आधी शिक्षक मोजा.

सुरुवात यूडायस प्लसच्या, म्हणजे शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरून करा. शाळेचा 11 अंकी क्रमांक (महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो) टाकला की पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं दिसतात. ही माहिती शाळेनेच भरलेली असते आणि बहुधा मागच्या वर्षाची, त्यामुळे प्रत्यक्ष जाऊन पडताळा.

आता शिक्षक. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत 60 पटापर्यंत दोन, 90 पर्यंत तीन, 120 पर्यंत चार शिक्षक हवेत. 22 पटाच्या शाळेत दोन शिक्षक म्हणजे अकरा मुलांमागे एक, कागदावर झकास! पण वर्ग चार आहेत. एक गुरुजी प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेले, की उरलेल्या बाई पहिलीला अक्षरं गिरवायला लावून चौथीचा भागाकार घेतात. 80 पटाची, तीन शिक्षकांची शाळा अशा दिवशी निदान दोन वर्गखोल्या चालवते. म्हणून मुख्याध्यापकांना विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, आज हजर किती?

सुविधा ‘आहे का’ असं विचारू नका, ‘चालते का’ विचारा. स्वच्छतागृहात पाणी येतं का, कुलपाची किल्ली कुणाकडे असते? लोकवर्गणीतून आलेला टीव्ही वीजबिल थकल्यामुळे बंद पडलेला असू शकतो.

शिष्यवृत्तीच्या निकालाचा फलक बघून लगेच भारावून जाऊ नका. वर्गात किती मुलं होती आणि परीक्षेला किती बसवली, हे त्यावर सहसा नसतं. नऊ मुलांच्या वर्गात एका मुलाने टक्केवारी अकराने वरखाली होते, तेव्हा तीन-चार वर्षांचे आकडे मागा. त्याहून बरं म्हणजे, शिक्षकांच्या परवानगीने तिसरीतल्या मुलांकडून दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचून घ्या. मुलं मात्र गुरुजींनी निवडलेली नकोत, हजेरीतलं दर तिसरं नाव घ्या.

शेवटी शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त मागा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सभा खरंच होतात की नुसत्या सह्या फिरतात, हे दोन-तीन पानांत कळतं. रिक्त पदाचा ठराव तिथे नसेल, तर तो करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायला पालकांनाच पुढे व्हावं लागेल.